तुझं एकुलतं एक क्रियापद

प्रभ्या, काल तुझी शोकसभा झाली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पंखे बंद करून, कारण वाऱ्यानं तुझ्या फोटोपुढचा दिवा विझत होता. माणसं घामानं निथळत होती आणि तुझ्याविषयी खोटं बोलत होती. सख्खी मोठी बहीण म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती.

वाचनालयाचे अध्यक्ष तुला 'बहुभाषाकोविद' म्हणाले. सात भाषा येत होत्या म्हणे तुला. हा माणूस रोज संध्याकाळी तुझ्यासोबत कट्ट्यावर बसायचा, आणि त्याला एवढंही कळलं नव्हतं. तुला वऱ्हाडी येत होती, ती काय, येतेच. हिंदी आपल्या सगळ्यांचीच असते तशी, बाईला बुवा आणि बुवाला बाई करणारी. इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरती. आणि सर्बोक्रोएशियन नावाच्या भाषेतलं एक क्रियापद. बाकीची ती भाषा तू कधीच विसरून बसला होतास, फक्त कोणाला सांगत नव्हतास. दुसरे एक निवृत्त प्राचार्य तुला रशियाला पाठवून मोकळे झाले. तिसऱ्यानं तुझ्यावर कविता केली होती, तिच्यात तू ज्ञानसूर्य होतास. ऐकून तुला हसू आलं असतं, आणि सभा संपल्यावर तू ती कविता मागून घेतली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का.

शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं. पुन्हा म्हणाले तेव्हा उठले, काहीतरी गुळमुळीत बोलले आणि खाली बसले. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना मराठीचं व्याकरण शिकवलं, ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पण भावावर बोलायची वेळ आली तर तोंड उघडेना. म्हणून आता अकोल्याला घरी येऊन लिहिते आहे. ऐकून घे, आणि मध्ये बोलू नको.

त्या प्राचार्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं की तू रशियाला नाही, युगोस्लाव्हियाला गेला होतास. तेही विद्वान म्हणून नाही. मोर्शीकडे संत्र्याच्या रसाचा कारखाना निघणार होता. त्याची यंत्रं तिकडून यायची होती, ती चालवायला शिकून यावं म्हणून इकडची चार पोरं पाठवली, त्यांत तू. नोव्ही साद नावाच्या गावात दीड वर्ष राहिलास. परत आलास तर कारखान्याच्या जागी नुसता चौथरा होता. यंत्रं आली, गंजली, भंगारात गेली. मग तो देशही मोडला. तुझ्या भाषेचे तुकडे झाले आणि ज्यानं त्यानं आपापल्या तुकड्याला आपलं नाव दिलं. तू अमरावतीत पाण्याचे पंप दुरुस्त करत बसलास आणि दुकानाच्या पाटीवर 'युगोस्लाव्हिया रिटर्न' असं रंगवून घेतलंस. जो देश राहिलाच नाही तिथून परत आल्याची जाहिरात. मी पाटी पाहिली तेव्हा तुला म्हटलं होतं, थोडी तरी लाज बाळग.

तर ते क्रियापद. हतेती. म्हणजे पाहिजे असणं, मनात असणं. होचू, होचेश, होचे, होचेमो, होचेते, होचे. मला पाहिजे, तुला पाहिजे, त्याला पाहिजे, आम्हाला, तुम्हाला, त्यांना पाहिजे. त्यातला च चहातला, चमच्यातला नव्हे, हे तू अख्ख्या वऱ्हाडाला शिकवलंस. पंगतीत पानावर बसलं की म्हणायचास. एसटीत शेजारच्या म्हातारीला म्हणून दाखवायचास. माझ्या लग्नानंतरच्या दिवाळसणाला ह्यांना पुढ्यात बसवून तू ते सगळं चालवून दाखवलंस, आणि नंतर ह्यांनी मला हळूच विचारलं, तुझा भाऊ बरा असतो ना. मीनल पाळण्यात होती तेव्हा अंगाई म्हणून हेच. नकारही तोंडपाठ. नेचू, नेचेश, नेचे, नेचेमो, नेचेते, नेचे. बहुतेक क्रियापदांत नकार वेगळा पुढे उभा असतो, इथं तो अंगालाच चिकटलाय, हे तू असं सांगायचास जसं काही ते चिकटवायला तूच गेला होतास.

एक मात्र तुझं ऐकण्यासारखं असायचं, आणि ते मी कधी तुझ्या तोंडावर कबूल केलं नाही. याच क्रियापदाचे आखूड तुकडे, चू, चेश, चे, दुसऱ्या क्रियापदाला जोडले की भविष्यकाळ होतो. 'येईन' म्हणायलासुद्धा 'पाहिजे'चीच मदत लागते. तू म्हणायचास, "पाय बाई, तठी पायजे अन् होईन, दोन्ही एकाच पोटचे. ज्याले मनापासून पायजे त्याचंच होते."

मी म्हणायची, म्हणूनच तुझं काही झालं नाही, कारण तुला कधी काही पाहिजेच नव्हतं. मग तू चिडायचास आणि मराठीवर घसरायचास. म्हणे आपल्या भाषेत 'पाहिजे' हलतच नाही. मले पायजे, तुले पायजे, राजाले पायजे, भिकाऱ्याले पायजे, सगळ्यांना एकच रूप, म्हणून आपल्या लोकांना आपल्याला काय पाहिजे ते सांगता येत नाही. असला तर्क माझ्या वर्गात सातवीतल्या पोरानं केला असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं. भाषेवर खापर फोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. सांगता येत नाही ते आपल्याला, भाषेला नव्हे. हा वाद आपला कितीतरी वर्षं चालला आणि तू तो अर्धवट टाकून गेलास.

सांगता का येत नाही, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. आपण हिवरखेडला आत्याकडे गेलो होतो ते आठवतं? तू जेमतेम शाळेत जायला लागला होतास. आत्यानं लाडवाचा डबा पुढे केला आणि तू ताबडतोब हो म्हणून हात घातलास. आईनं तुझ्या मांडीला असा चिमटा काढला की लाडू हातातच राहिला. बैलगाडीत बसल्यावर मग बोलणी. "एकदा इचारल्यावर हो म्हनते का कोनी? भुक्कड हाओत का आपन?" तेव्हापासून आपल्याला शिकवलेलं आहे. पहिलं विचारणं त्यांचं, पहिला नकार आपला. दुसऱ्यांदा विचारलं तर समजायचं मनापासून आहे, मग हो म्हणायचं. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, तो दुसऱ्यांदा विचारतोच. इथं नको म्हणणाऱ्याला कोणी उपाशी ठेवत नाही. पण सगळेच काही आत्या नसतात. तू लग्न का केलं नाहीस म्हणून लोक नाही नाही ते बोलायचे, तिकडे कोणी गोरी होती म्हणायचे. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, कोणी नव्हती बाई. दोन स्थळं आली होती, मी पयल्यांदा नाई म्हणलं, मंग त्याइनं इचारलंच नाई. असं सांगून तू हसलास. मला हसू आलं नव्हतं, कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला होता.

आता मीनलचं. माझी एकुलती एक पोर, हॉटेलचं शिकली, क्रोएशियात, म्हणजे तुझ्या मोडलेल्या देशाच्याच एका तुकड्यात, झाग्रेबला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली आणि तिथंच सोबत काम करणाऱ्या तोमोशी लग्न ठरवलं. मी खळखळ केली नाही. हे गेल्यापासून मी तिला एकच सांगत आले होते, कोणाशीही कर, पण माझ्या डोळ्यांदेखत कर. बाकी मला काही नको. तुझ्या मात्र अंगात वारं शिरलं. चाळीस वर्षं ज्या क्रियापदाला गिऱ्हाईक नव्हतं त्याला आता सोयरे मिळाले होते. तू मीनलला फोन करून सांगितलंस, काळजी करू नको, तुह्या सासूशी बोलणी मीच करतो. तिनं बिचारीनं एवढंच सांगितलं की मामा, तुमची भाषा आणि इथली भाषा एकच आहे असं इथं कोणापुढे म्हणू नका, लोकांना राग येतो. तू म्हणालास, मले शिकवतं का.

तोमोची आई नेवेंका, एका शाळेत स्वयंपाकीण होती, तीही नवरा नसलेली. बाईनं ठरवलं की लग्नाचं बोलावणं पोरांकरवी करायचं नाही, स्वतः करायचं. किती रीतीची बाई. रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येणार होता. मीनल आणि तोमो दोघंही कामावर. तू सकाळच्या गाडीनं अमरावतीहून आलास, सफारी घालून, केसांना काळं करून. व्याह्यांशी बोलायला असा नटलास, तसा तुला स्थळं आली तेव्हा नटला असतास तर बरं झालं असतं. मी फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवला. आपण दोघं सोफ्यावर ताठ बसलो.

पडद्यावर नेवेंका आली. गोल चेहरा, नीट विंचरलेले पांढरे केस, तीही ताठ. मला पाहून तिनं हात जोडले, मीनलनं शिकवलं असणार. मग ती बोलायला लागली आणि तू माना डोलवायला लागलास. दहातला एक शब्द तुला कळत असेल, पण थाट असा की सगळं कोळून प्यायलास. शेवटी ती थांबली आणि हळू, एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, "होचेते ली दोची?" येणार का तुम्ही? ते मलाही कळलं. तुझं क्रियापद मीही चाळीस वर्षं ऐकलं होतं.

आणि तू, बहुभाषाकोविदा, छातीवर हात ठेवलास, मान तिरपी केलीस, गोड हसलास आणि म्हणालास, "नेचेमो, नेचेमो."

आम्ही येणार नाही. येणार नाही.

बाईचा चेहरा उतरला. काहीतरी म्हणाली, दोब्रो की काय, म्हणजे बरं. पुन्हा हात जोडले आणि फोन बंद झाला. तू पाय ताणून बसलास आणि म्हणालास, लय चांगली बाई हाय. मी विचारलं, नाही कशाला म्हणालास रे? तर म्हणालास, "अवो बाई, पयल्यांदा कोनी हो म्हनते का?"

आणि मी मान डोलावली. आईनं वाढवलेली मीही. मला ते बरोबरच वाटलं. मी चहा टाकला, पोहे परतले, आणि आपण दोघं त्या फोनकडे बघत बसलो, ती पुन्हा विचारील म्हणून. तू परतीची गाडी सोडलीस. संध्याकाळ झाली. तू म्हणालास, तिकडे आत्ता दुपार असेल, जेवत असेल. मुक्काम केलास. दुसऱ्या दिवशीही फोन आला नाही तेव्हा तू म्हणालास, मोठ्या घरची दिसते, घाई करत नाई. मूर्खांचा बाजार नुसता. एक पंप दुरुस्त करणारा आणि एक मास्तरीण, दोघं पोह्याच्या बशा हातात घेऊन क्रोएशियाला आग्रह करायला लावणार होतो.

पुढच्या रविवारीही नाही. मीनलचे फोन तोकडे व्हायला लागले. काय जेवलीस, बरं आहे, ठेवते. मला वाटलं कामाचा ताण. मग एक दिवस ती रडायलाच लागली. म्हणाली, आई, नाही यायचं तर मला सांगायचं होतं, त्यांना असं तोंडावर कशाला सांगितलं. त्यांनी तुझ्यासाठी खोली रंगवायला काढली होती. आता आम्ही कचेरीत जाऊन सह्या करू, कोणालाच बोलवत नाही. एवढंच एक मागितलं होतं मी, आणि ते तुझ्या छातीवर ठेवलेल्या हातानं घालवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुला बोलावून घेतलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्या बाईला फोन लाव आणि म्हण, होचेमो. तू म्हणालास, मी नाई लावत. पोरीकडचे आपन, अन् सोताहून येतो म्हनाचं? मी म्हटलं, भीड भिकेची बहीण असते, आणि ही भीड माझ्या पोरीच्या लग्नावर बसली आहे. तू ऐकेनास. तुझं एकच पालुपद, त्याइनं दुसऱ्यांदा इचाराले पायजे होतं. मी म्हटलं, तिकडे एकदाच विचारतात, गाढवा. दीड वर्ष राहिलास तिथं, एवढं कळलं नाही?

तेव्हा तू चष्मा काढून पुसत बसलास. मग म्हणालास की कळलं होतं, पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तू ज्या बाईकडे जेवायला होतास ती ताटात वाढायला यायची आणि विचारायची, तू नेचू म्हणायचास, ती भांडं घेऊन सरळ निघून जायची. रोज अर्धपोटी उठायचास. रात्री खोलीत रडलास. मग एके दिवशी तिनं विचारल्याबरोबर तू होचू म्हणालास, आणि तिनं ताट भरून वाढलं. म्हणून तर ते क्रियापद तुझ्या हाडात बसलं होतं. बाकीची भाषा गेली, ते राहिलं.

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तू ते पंगतीत गमतीनं म्हणायचास आणि मी नाक मुरडायची. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही, दुप्पट झाला. म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून नाही म्हणालास. मी विचारलं, मग का? कावून रे?

तू म्हणालास, "माह्या पोटाची गोष्ट अलग होती, बाई. थे तुह्या इज्जतीचं होतं. तुह्या वतीनं मी भुक्कडावानी पयल्याच झटक्यात हो कसा म्हनू?"

प्रभ्या, यावर काय बोलायचं असतं ते मला कोणत्याही व्याकरणात सापडलं नाही. तुझ्या मूर्खपणाच्या तळाशी नेहमी असं काहीतरी निघायचं आणि माणसाला धड शिवीही देता यायची नाही. तरी मी दिली. मग फोन घेतला आणि मीच लावला.

नेवेंकानं उचलला. स्वयंपाकघरात होती, हाताला पीठ. मी नमस्कार-बिमस्कार काही केला नाही. म्हटलं, होचू. ती बघतच राहिली. मी पुन्हा म्हटलं, होचू, होचू, आणि बोटानं स्वतःकडे दाखवलं, मग तिच्याकडे, मग विमान दाखवलं. मीनल नंतर म्हणाली, आई, असं नुसतं होचू तोंडावर फेकणं उद्धट वाटतं इथं. वाटू दे. पुण्याच्या माणसांनाही आपली भाषा उद्धट वाटते, आपण काय मेलो का. नेवेंका हसली, पिठाच्या हातानं डोळे पुसले, आणि पुष्कळ काही बोलली, त्यातलं मला काही कळलं नाही आणि सगळं कळलं. मग तिनं तुझ्याकडे बोट केलं. तू मागे, दाराशी, तोंड फुगवून उभा होतास. तिनं विचारलं, "होचे ली ब्रात?" भाऊही येणार का?

ब्रात म्हणजे भ्राता, हे तू हजारदा सांगितलं होतंस. मी वळून तुला म्हटलं, चाल ना लग्नाले, मामा हायेस, अंतरपाटाशी पोरीला मामानंच आणायचं असतं. आणि तू काय म्हणालास? "नाई नाई, मी कायले."

आत्ता, पाच मिनिटांपूर्वी एवढं रामायण झालेलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझी अशी तिडीक उठली की मी फोनकडे तोंड करून, तूच शिकवलेलं रूप अगदी स्पष्ट उच्चारात म्हटलं, "नेचे." तो येणार नाही. नेवेंकानं मान हलवली. तू चहा प्यालास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. खिडकीतून हातसुद्धा केला नाहीस.

बोलले त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. तूच नाही म्हणालास, मी ते पुढे पोचवलं. आणि मी काही तुला सोडून जाणार नव्हते. दुसऱ्यांदा विचारायचंच होतं. राखीला तू येतोसच, तेव्हा पुरणाच्या ताटावर बसवून विचारीन असं ठरवलं होतं. तेवढे दिवस जरा फुगून राहा म्हटलं.

राखीच्या आधीच्या आठवड्यात तू दुकानात पंप उघडून बसला होतास आणि बसल्या जागी गेलास. कोणाला हाक मारली नाहीस, कोणाला त्रास दिला नाहीस. मरतानासुद्धा भीड.

लोकांनी तोंडं सोडलीच. दुःखाचं घर आहे, लग्न वर्षभर लांबवा म्हणणारे आले, तिकडे जाऊन ख्रिश्चन व्हाल म्हणणारेही आले. हे तेच लोक, तू आजारी पडायचास तेव्हा ज्यांचा पंप मात्र आजच्या आज पाहिजे असायचा. त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. लग्न दिवाळीच्या आधी आहे आणि मी जाणार आहे. नेवेंकाला मीनलनं तुझं सांगितलं. तिनं तुझा फोटो मागवून घेतला, का ते मला ठाऊक नाही.

काल सभा संपल्यावर अध्यक्ष मला जिन्यापर्यंत सोडायला आले, ज्ञानसूर्य मावळला वगैरे पुन्हा सुरू झालं, तेवढ्यात तुझ्या दुकानाशेजारचा शिंपी गर्दीतून पुढे आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. सभेत तो एक अक्षर बोलला नव्हता. म्हणाला, बाई, हे भाऊनं शिवाले टाकलं होतं, कोनाले देऊ? उघडलं तर कोट. गरम, लोकरीचा, काळा, आत अस्तर. अमरावतीत. जिथं मेमध्ये माणूस भाजून निघतो तिथं.

मी विचारलं, हे कधी टाकलं? म्हणाला, अकोल्याहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. भाचीच्या लग्नाले जाचं हाय म्हने, तठी थंडी रायते. मी त्याले म्हणलं, भाऊ, तिकीट-बिकीट काढलं का? तर म्हने, अजून बोलावणं याचं हाय. पन येईन. माही बाई दुसऱ्यांदा इचारते.

मी तो कोट घेऊन बसमध्ये बसले. मांडीवर गरम लागत होता, तरी खाली ठेवला नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. हलकट, ढोंगी, सांगायला काय झालं होतं. माझ्या तोंडावर नाही म्हणतोस आणि शिंप्याकडे जाऊन माप देतोस. साठी उलटली तुझी, दोन देश पाहिलेस, एक क्रियापद जन्मभर घोकलंस, आणि जे एक मनापासून पाहिजे होतं ते सांगायला तुला शिंपी सापडला. शेजारची बाई विचारायला लागली, काय झालं, कोणाचा कोट आहे. मी म्हटलं, भावाचा.

आता तो इथं खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे. बाह्या थोड्या आखूड झाल्यात, तुझे हात लांब. मी बॅग भरायला काढली आहे, उद्या बाजारात जाऊन नेवेंकाला साडी घ्यायची आहे. त्याआधी माझ्याकडे तुझं एक राहिलं आहे ते करून टाकते.

प्रभ्या, चाल ना लग्नाले. मामा हायेस.

दुसऱ्यांदा विचारलंय मी. आता हो म्हणायचं असतं.